काट्यापासून आकड्यापर्यंत : रेडिओग्राही चिप आणि तिच्या नियंत्रणाचा इतिहास

प्रस्तावना

मराठीत रेडिओ 'लावला' जातो. तंबोरा लावणे, सूर लावणे आणि स्टेशन लावणे या तिन्ही ठिकाणी आपण एकच क्रियापद वापरतो आणि ते यथार्थ आहे. तिन्ही क्रियांमध्ये कानाने ऐकत ऐकत जुळवत जायचे आणि जुळले की थांबायचे, असाच क्रम असतो. २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र सुरू झाले. तेव्हापासून पुढील अनेक दशके श्रोता आणि त्याचा रेडिओ यांचे नाते हे असे हाताचे व कानाचे नाते होते. आज भ्रमणध्वनीतील किंवा मोटारीतील रेडिओला बहुधा काटा नसतो. तेथे स्टेशन लावणे म्हणजे एका चिपमधील ठरावीक जागी एक आकडा लिहिणे होय.

हा बदल सर्वसाधारणपणे 'लघुरूपीकरण' या एका शब्दात सांगितला जातो. परंतु तेवढ्याने त्याचा उलगडा होत नाही. प्रस्तुत लेखात दोन प्रश्नांचा विचार केला आहे. संपूर्ण रेडिओग्राही सिलिकॉनच्या एका तुकड्यात बसविण्यास एवढा काळ का लागला, हा पहिला प्रश्न. तो तसा बसल्यानंतर त्याचे नियंत्रण कोणाच्या हाती गेले, हा दुसरा. या दोन्ही प्रश्नांची उत्तरे परस्परांत गुंतलेली आहेत, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

१. ग्राहीपुढील मूळ प्रश्न

आकाशकावर (अँटेनावर) एकाच वेळी असंख्य केंद्रांचे तरंग येऊन आदळत असतात. त्यांपैकी एक निवडणे, तो अतिक्षीण संकेत विवर्धित करणे आणि त्यावर आरूढ झालेला ध्वनी वेगळा काढणे, ही ग्राहीची तीन कामे होत. यांपैकी तिसऱ्या कामासाठी अर्धसंवाहक पदार्थ फार लवकर उपयोगात आला. जगदीशचंद्र बोस यांना १९०४ मध्ये अमेरिकेत मिळालेले शोधकाचे पेटंट गॅलिना या खनिजस्फटिकाच्या वापरासंबंधीचे होते. म्हणजे ध्वनी वेगळा काढणारा घटक शतकाच्या आरंभीच घनस्थितीत आला होता. अडचण निवडीची होती.

निवड होत असे ती तारेचे वेटोळे आणि धारित्र यांच्या जोडीने. या जोडीची स्वतःची एक नैसर्गिक वारंवारता असते. धारित्राच्या पत्र्या फिरवून ती बदलता येते आणि येणाऱ्या तरंगाशी तिचा मेळ बसला की त्या केंद्राचा संकेत उठून दिसतो. मात्र केंद्र बदलताना अशा अनेक जोड्या एकाच वेळी अचूक जुळवून घेणे जिकिरीचे होते.

एडविन आर्मस्ट्राँग यांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात पॅरिस येथे असताना १९१८ मध्ये या अडचणीवर 'सुपरहेटरोडाइन' पद्धतीचा तोडगा काढला. या पद्धतीत ग्राहीमध्येच एक स्थानिक आंदोलक असतो. त्याचा तरंग आणि बाहेरून आलेला तरंग मिश्रकात एकत्र केले असता दोहोंच्या फरकाएवढी तिसरी वारंवारता निर्माण होते. तिला मध्यस्थ वारंवारता म्हणता येईल. केंद्र कोणतेही असो, आंदोलक त्याप्रमाणे हलवला की फरक तोच राहतो. त्यामुळे पुढील सर्व गाळण्या एकाच वारंवारतेसाठी कायमच्या जुळवून ठेवता येतात.

एफ. एम. ग्राहींमध्ये ही मध्यस्थ वारंवारता १०.७ मेगाहर्ट्झ अशी रूढ झाली. उदाहरणार्थ, १०१ मेगाहर्ट्झचे केंद्र ऐकण्यासाठी आंदोलक १११.७ वर ठेवावा लागतो. पण १२२.४ मेगाहर्ट्झ या वारंवारतेचाही आंदोलकाशी तेवढाच फरक असल्याने तोही संकेत आत शिरू शकतो. या नको असलेल्या जुळ्याला प्रतिमा वारंवारता म्हणतात. ती इष्ट वारंवारतेपासून मध्यस्थ वारंवारतेच्या दुप्पट, म्हणजे २१.४ मेगाहर्ट्झ अंतरावर असते. ८७.५ ते १०८ हा एफ. एम. पट्टा २०.५ मेगाहर्ट्झ रुंदीचा असल्याने प्रतिमा नेहमी पट्ट्याबाहेर पडते. १०.७ या आकड्यामागील हे गणित ध्यानात ठेवणे आवश्यक आहे, कारण पुढील सारा इतिहास हा आकडा सोडून देण्याचा इतिहास आहे.

२. वेटोळ्याचा अडसर

१९४७ मध्ये बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टरचा शोध लागला. १९५४ मध्ये अमेरिकेत 'रिजन्सी टीआर-१' हा चार ट्रान्झिस्टरांचा खिशात मावणारा रेडिओ विक्रीस आला. १९५८ मध्ये जॅक किल्बी यांनी पहिले एकात्मिक मंडल करून दाखविले आणि लगेचच रॉबर्ट नॉइस यांनी ते मोठ्या प्रमाणावर तयार करता येईल अशी रचना मांडली. यानंतर दहा-बारा वर्षांत गणकयंत्रांची मंडले झपाट्याने चिपवर गेली. रेडिओ मात्र मागे राहिला.

याचे कारण ट्रान्झिस्टर नव्हे, वेटोळे होते. ट्रान्झिस्टर, रोध आणि लहान धारित्रे सिलिकॉनच्या पृष्ठभागावर कोरता येतात. वेटोळ्याचे तसे नाही. त्याचा गुण त्याने वेढलेल्या क्षेत्रफळावर आणि वेढ्यांच्या संख्येवर अवलंबून असतो. काही मेगाहर्ट्झच्या गाळणीसाठी लागणारे वेटोळे सपाट करून चिपवर मांडायचे म्हटले तर त्याला अवाजवी जागा लागते आणि त्याची निवडक्षमताही निकृष्ट ठरते. म्हणून विवर्धक, मिश्रक आणि शोधक चिपमध्ये गेले, तरी मध्यस्थ वारंवारतेची धातूच्या डबीतील वेटोळी बाहेरच राहिली. आपल्याकडील दुरुस्ती कारागीर ज्यांना 'आय. एफ. टी.' म्हणत, ती हीच. त्यांतील गाभा पेचकसाने फिरवून प्रत्येक संच कारखान्यात स्वतंत्रपणे जुळवावा लागे.

१९७२ मध्ये ब्रिटनच्या फेरांटी कंपनीने 'झेडएन ४१४' ही चिप आणून मध्यम तरंगांपुरती या अडचणीला बगल दिली. तिचे आवरण एखाद्या साध्या ट्रान्झिस्टरएवढे, पाय तीन आणि आत ट्रान्झिस्टर दहा. एका दीड व्होल्टच्या सेलवर ती चाले. तिच्या रचनाकारांनी मध्यस्थ वारंवारता वापरलीच नाही. फेराइट दांडीवरील वेटोळे आणि फिरते धारित्र यांनी निवड करायची आणि चिपने केवळ विवर्धन व शोधन करायचे, अशी ही जुन्या पद्धतीकडे परतणारी वाट होती. शाळा-महाविद्यालयांच्या प्रयोगांत ती लोकप्रिय झाली. तथापि निवडीचे काम येथेही चिपबाहेरच राहिले आणि एफ. एम. साठी ही वाट उपयोगी नव्हती.

३. सत्तर किलोहर्ट्झचा मार्ग

निर्णायक पाऊल नेदरलँड्समधील फिलिप्स कंपनीत उचलले गेले. डीटर कास्परकोव्हिट्झ आणि हार्म फान रुम्प्ट यांनी विकसित केलेली 'टीडीए ७०००' ही चिप १९८३ मध्ये बाजारात आली. वेटोळे चिपमध्ये बसत नसेल, तर ज्या वारंवारतेवर वेटोळ्याची गरजच पडत नाही तेथे काम करावे, असा त्यांचा विचार होता. कमी वारंवारतेवर रोध, धारित्रे आणि विवर्धक यांच्या साहाय्याने उत्तम गाळणी बनविता येते. म्हणून त्यांनी मध्यस्थ वारंवारता १०.७ मेगाहर्ट्झवरून थेट ७० किलोहर्ट्झवर, म्हणजे सुमारे दीडशेपट खाली आणली.

यातून दोन संकटे उभी राहिली. एफ. एम. मध्ये ध्वनीनुसार वारंवारता मध्यबिंदूच्या दोन्ही बाजूंना ७५ किलोहर्ट्झपर्यंत झुलते. मध्यबिंदूच ७० वर ठेवला तर खालचा झोका शून्याच्याही पलीकडे जाईल आणि ध्वनी विद्रूप होईल. यावर उपाय म्हणून शोधकाने ओळखलेला झोका परत स्थानिक आंदोलकाला पुरविण्यात आला. केंद्राची वारंवारता झुलेल तसा आंदोलकही बऱ्याच अंशी तिच्या मागे झुलतो आणि दोहोंतील फरक केवळ १५ किलोहर्ट्झपर्यंतच हलतो. यालाच वारंवारता-बद्ध पाश म्हणता येईल. दुसरे संकट प्रतिमेचे होते. ती आता अवघ्या १४० किलोहर्ट्झवर, एफ. एम. पट्ट्याच्या आतच आली. चुकीच्या जुळणीच्या वेळी निघणारा खरखराट रोखण्यासाठी चिपमध्ये एक तुलनामंडल ठेवण्यात आले. ते संकेताची अर्ध्या आवर्तनाने मागे ठेवून उलटविलेल्या स्वतःच्याच प्रतीशी तुलना करते. जुळणी अचूक असेल तर दोन्ही तरंग सारखे दिसतात. तसे नसेल तर ध्वनी बंद केला जातो.

अठरा पायांच्या या चिपला बाहेरून मुख्यतः काही लहान धारित्रे लागत. जुळवावे लागणारे वेटोळे स्थानिक आंदोलकाचे तेवढे उरले. कारखान्यातील जुळवणीचे कौशल्य या टप्प्यावर प्रथमच फारसे अनावश्यक ठरले. परंतु नियंत्रण अद्याप श्रोत्याच्याच हातात होते, कारण आंदोलकाचे धारित्र तोच फिरवीत असे.

४. बटणांचा मधला टप्पा

हातातील धारित्र जाण्यास एक छोटा घटक कारणीभूत झाला. व्हॅरिकॅप नावाच्या डायोडची धारिता त्याला दिलेल्या व्होल्टतेनुसार बदलते. म्हणजे पत्र्या फिरविण्याऐवजी व्होल्टता बदलली तरी केंद्र बदलते. फिलिप्सच्याच 'टीडीए ७०८८' या पुढील चिपने याचा लाभ घेतला. एक बटण दाबले की व्होल्टता आपोआप सरकू लागे आणि वर सांगितलेले तुलनामंडल 'जुळले' असे म्हणताच थांबे. दुसरे बटण दाबले की शोध पट्ट्याच्या आरंभी परत येई. 'स्कॅन' आणि 'रिसेट' अशी दोनच बटणे असलेले स्वस्त खिसा-रेडिओ आपल्या बाजारांतही पुष्कळ आले, ते या घराण्यातील चिपांवर आधारलेले होते.

ऐतिहासिक दृष्ट्या हा टप्पा महत्त्वाचा आहे. 'जुळले की थांबायचे' हा कानाचा निर्णय येथे यंत्राने घेतला. मात्र यंत्राला आपण कोणत्या वारंवारतेवर थांबलो हे ठाऊक नव्हते. त्याला केवळ संकेताची जुळणी कळत होती, तिचा पत्ता कळत नव्हता.

५. दोन तारा आणि पाच बाइट

पत्ता कळण्यासाठी दोन गोष्टी आवश्यक होत्या : वारंवारता मोजणारा पाश आणि तो आकडा चिपपर्यंत पोहोचविणारी वाट. दुसरी गोष्ट फिलिप्सने १९८२ मध्येच तयार केली होती. 'आय-स्क्वेअर-सी' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या पद्धतीत केवळ दोन तारा असतात. एकीवरून माहितीचे अंक जातात आणि दुसरीवरून त्यांचा ठेका. प्रत्येक चिपला स्वतःचा पत्ता असतो आणि नियंत्रक त्या पत्त्याने हाक मारतो तेव्हाच ती उत्तर देते. आरंभी दूरचित्रवाणी संचातील चिपांचा संवाद साधण्यासाठी योजलेली ही पद्धत पुढे सर्वत्र पसरली.

या दोन्ही गोष्टी एकत्र आल्याचे स्वच्छ उदाहरण म्हणजे २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत आलेली फिलिप्सची 'टीईए ५७६७' ही चिप. (फिलिप्सचा हा अर्धसंवाहक विभाग २००६ मध्ये 'एनएक्सपी' या नावाने स्वतंत्र झाला.) तिची मध्यस्थ वारंवारता २२५ किलोहर्ट्झ आहे. आंदोलकाची व्हॅरिकॅप आणि दोन चिमुकली वेटोळी तेवढी बाहेर राहतात, पण ती हाताने जुळवावी लागत नाहीत. मनगटी घड्याळात असतो तोच ३२,७६८ हर्ट्झचा क्वार्ट्झ स्फटिक तिला मोजपट्टी म्हणून पुरतो. आंदोलकाच्या वारंवारतेला एका पूर्णांकाने भागून येणारा भागाकार स्फटिकाशी ताडून पाहिला जातो. तफावत आढळल्यास व्होल्टता त्या दिशेने सरकविली जाते आणि तफावत मिटली की पाश बद्ध होतो. आता केंद्र निवडणे म्हणजे तो पूर्णांक निवडणे होय.

हा पूर्णांक हाताने काढता येतो. १०१ मेगाहर्ट्झमध्ये ०.२२५ मिळवावे, बेरजेची चौपट करावी आणि तिला ३२,७६८ ने भागावे. उत्तर १२,३५६.५७ येते, म्हणजे जवळचा पूर्णांक १२,३५७. द्विमान पद्धतीत तो ११०००००१०००१०१ असा चौदा अंकी होतो. एका पूर्णांकाचा बदल ८,१९२ हर्ट्झचा असल्याने प्रत्यक्ष जुळणी सुमारे साडेतीन किलोहर्ट्झने पुढे होते. एफ. एम. च्या रुंदीपुढे ही चूक नगण्य ठरते. चिपला एकूण पाच बाइट लिहावे लागतात. पहिल्या बाइटमध्ये ध्वनी बंद करण्याचा अंक, शोध घेण्याचा अंक आणि या पूर्णांकाचे वरचे सहा अंक असतात. दुसऱ्यात उरलेले आठ. पुढील बाइटांत शोधाची दिशा, थांबण्याची पातळी, आंदोलक वरच्या बाजूला ठेवायचा की खालच्या, पट्टा कोणता, इत्यादी सूचना असतात.

चिप उत्तरही देते. संकेताची तीव्रता ती शून्य ते पंधरा या श्रेणीत कळविते. शोध घेताना ५, ७ किंवा १० या पातळीवर थांबण्यास तिला सांगता येते. तीव्रता पुरेशी असूनही जुळणी एखाद्या प्रबळ केंद्राच्या कडेवर झाली असण्याचा संभव असतो. म्हणून मध्यस्थ वारंवारतेची मोजणीही वाचावी लागते, आणि ती ४९ ते ६२ या मर्यादेत असेल तरच जुळणी खरी मानायची असते. प्रतिमेचा प्रश्नही आता नियंत्रकाकडे सोपविला गेला. इष्ट केंद्राच्या दोन्ही बाजूंना ४५० किलोहर्ट्झवरील तीव्रता वाचून जिकडे शांतता अधिक तिकडे आंदोलक ठेवायचा असतो. पूर्वी ज्यासाठी पत्र्या, दोरा, काटा आणि कान लागत, ते सारे येथे वाचन, तुलना आणि लेखन या तीन क्रियांत आले.

६. गणिताने ऐकणारा ग्राही

२००५ च्या सुमारास अमेरिकेतील ऑस्टिन येथील सिलिकॉन लॅबोरेटरीज कंपनीने 'एसआय ४७००' हे घराणे आणून उरलेला अडसरही दूर केला. यात आंदोलक संपूर्णतः चिपमध्ये आहे. अल्प मध्यस्थ वारंवारतेवर आणलेला संकेत तत्काळ अंकांत रूपांतरित केला जातो. त्यापुढील गाळणी, एफ. एम. शोधन आणि स्टिरिओचे विभाजन ही कामे अंकगणिताने होतात. गाळणी हा आता पदार्थाचा गुण नसून एक हिशेब आहे.

याच घराण्यातील 'एसआय ४७०३' मध्ये प्रत्येकी सोळा अंकांची सोळा रजिस्टरे आहेत. तेथे केंद्राचा आकडा काढणे आणखी सोपे आहे : १०१ मधून ८७.५ वजा करून ०.१ ने भागले की १३५. हा आकडा 'जुळव' अशा सूचनेसह लिहायचा आणि 'जुळले' हा अंक उठेपर्यंत वाट पाहायची. या चिपकडून ध्वनीबरोबर केंद्राचे नावही मिळू शकते. त्यासाठी केंद्राने आरडीएस पद्धतीने, ५७ किलोहर्ट्झच्या उपवाहकावरून, ते पाठवलेले असावे लागते. आकाशकाचे काम श्रवणनळीची तारच करते.

वेटोळे गेले, त्याबरोबर वेटोळ्याला लागणारा हातही गेला. आंतरिक रचना जसजशी परिपूर्ण होत गेली, तसतसा बाहेरून हात घालण्याचा प्रत्येक मार्ग बंद होत गेला आणि शेवटी दोन तारांचा एकच दरवाजा उरला. हे एकाच प्रक्रियेचे दोन पैलू आहेत.

७. नियंत्रण कोणाचे?

२००० च्या दशकाच्या अखेरीस ब्लूटूथ, वायफाय आणि एफ. एम. ही तिन्ही कार्ये एकाच चिपमध्ये एकत्र आली आणि असंख्य भ्रमणध्वनींत रेडिओग्राही जणू न मागता येऊन बसला. परंतु त्या चिपला आकडा लिहिण्याचा अधिकार श्रोत्याला नसून संचाच्या प्रणालीला असतो. निर्मात्याने ते कार्यच दिले नाही, किंवा आकाशकाची जोडणी केली नाही, तर ग्राही असूनही नसल्यासारखाच.

हा प्रश्न सैद्धांतिक नाही. सप्टेंबर २०१७ मध्ये चक्रीवादळांनी अमेरिका व कॅरिबियन बेटांवरील दूरसंचार यंत्रणा कोलमडली असताना तेथील दळणवळण आयोगाचे अध्यक्ष अजित पै यांनी अ‍ॅपल कंपनीला एफ. एम. चिप कार्यान्वित करण्याचे जाहीर आवाहन केले. आपल्या त्या वेळच्या नव्या संचांत अशी चिप व आकाशकच नाही, असे कंपनीने उत्तर दिले. भारतात एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने उद्योगसंघटनांना एक सूचनापत्र पाठविले. ज्या भ्रमणध्वनींत एफ. एम. ग्राही आहे तेथे तो निष्क्रिय ठेवू नये, असे त्यात म्हटले होते. आपत्तीच्या प्रसंगी इंटरनेट बंद पडले तरी रेडिओ चालतो, हे कारण त्यामागे होते.

फेब्रुवारी १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नभोलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निर्वाळा दिला. त्या निर्णयाचा रोख प्रसारणाच्या अधिकाराकडे होता. लहरी सार्वजनिक असल्या तरी त्या ऐकण्याचे दार कोणाच्या ताब्यात आहे, हा प्रश्न चिपच्या युगाने नव्याने उभा केला आहे.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, रेडिओग्राही चिपचा इतिहास हा केवळ आकार घटल्याचा इतिहास नाही. वेटोळ्यावाचून निवड कशी करावी या एका प्रश्नाने मध्यस्थ वारंवारता १०.७ मेगाहर्ट्झवरून ७० किलोहर्ट्झवर आणली, व्होल्टतेला पत्र्यांची जागा दिली आणि अखेर निवडीला आकड्याचे रूप दिले. आकड्यामुळे अचूकता, स्वस्तता आणि सुलभता आली, हे निर्विवाद आहे. आकडा लिहिणारा श्रोता नसून दुसरा कोणी असू शकतो, ही त्याची किंमत आहे.

अध्यापकांच्या दृष्टीने यातून एक गोष्ट निष्पन्न होते. आज प्रयोगशाळेत विद्यार्थी या चिपा एखाद्या सूक्ष्म नियंत्रकाला जोडतात आणि तयार आज्ञासंचाच्या चार ओळींत रेडिओ वाजवितात. त्यात गैर काही नाही. परंतु १२,३५७ हा आकडा त्याने एकदा तरी कागदावर काढावा, पाच बाइट स्वतः मांडावेत आणि चिपने परत पाठविलेली मोजणी स्वतः वाचावी, हे इष्ट आहे. असे केले म्हणजे समोरचे यंत्र कोणाच्या आज्ञेने चालते आहे, हे विचारण्याची सवय त्याला लागेल. काटा गेला तरी रेडिओ लावणे हे क्रियापद श्रोत्याचेच राहावे, यासाठी एवढे तरी आपल्या हातात आहे.